मदत हवी आहे: चीफ्सचा यंदाचा (२०२५) रोस्टर नक्की कसा जोखायचा?

लालशर्ट
नमस्कार मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे किती जण आहेत कल्पना नाही, पण जे आहात त्यांनी जरा हात द्या. मी कॅन्सस सिटी चीफ्सचा फॅन. मॅच बघताना नियम वगैरे सगळं कळतं, पण सीझनच्या आधी लोक जे रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीवर) तासन्‌तास बोलतात तिथे माझी गाडी अडते. एक पॉडकास्ट म्हणतो टीम गेल्या वर्षीपेक्षा भारी आहे, दुसरा म्हणतो यंदा वाट लागणार, आणि दोघं तीच नव्वद नावं वाचतायत!

माझी मुख्य काळजी लेफ्ट टॅकल, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाईनच्या डाव्या टोकाला क्वार्टरबॅकला सांभाळणारा. फेब्रुवारीत सुपर बोलला (फायनलला) ईगल्सनी जे केलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही, हाफटाइमला २४-०, शेवटी ४०-२२, आपला क्वार्टरबॅक माहोम्स सहा वेळा सॅक (बॉल टाकायच्या आधीच आडवा). आणि त्यानंतर आपण काय केलं तर लाईनमधला सगळ्यात भरवशाचा माणूस, जो थूनी, बेअर्सना देऊन टाकला. आता त्या जागी रूकी (पहिल्याच वर्षाचा) जॉश सिमन्स. सांगा, मी उगाच घाबरतोय का? ५ सप्टेंबरला साओ पावलोत चार्जर्सशी पहिली मॅच आहे, त्याच्या आत मला हा रोस्टर स्वतःचा स्वतः वाचता आला पाहिजे. कुठून सुरुवात करू? आणि ९० चे ५३ होतात तेव्हा नक्की काय बघायचं असतं?

चौथाडाऊन
घाबरणं बरोबर आहे पण कारण थोडं वेगळं आहे. थूनी गेला म्हणून लेफ्ट टॅकलला भोक पडलं असं लोक म्हणतात, पण थूनी मुळात गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूचा. गेल्या वर्षी सुरुवातीला किंग्सली सुआमाटायाला लेफ्ट टॅकलला लावला, बेंगल्सविरुद्ध दुसऱ्याच मॅचमध्ये त्याला बसवला, मग वान्या मॉरिस आला, मग सीझनच्या मध्यात डी जे हम्फ्रीजला आणला तर त्याचा हॅमस्ट्रिंग गेला, आणि कोणीच उरलं नाही तेव्हा थूनीला गार्डवरून उचलून टॅकलला ठेवला आणि गार्डला माइक कॅलिएंडो. म्हणजे एक भोक बुजवायला दुसरीकडे भोक पाडलं. सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकही ब्लिट्झ (जादा माणसं अंगावर सोडणं) न करता नुसत्या चार जणांनी माहोम्सला पळवलं ते यामुळे.

आता यंदाची लाईन डावीकडून बघ. सिमन्स, सुआमाटाया (आता गार्ड), क्रीड हम्फ्री, ट्रे स्मिथ, जवान टेलर. मधला आणि त्याच्या उजवीकडचा, हे दोघं लीगमधल्या सगळ्यात चांगल्यांपैकी. स्मिथला जुलैमध्ये चार वर्षांचे ९.४ कोटी डॉलर दिले, गार्डला इतके पैसे कोणी उगाच देत नाही. टेलर म्हणजे फ्लॅगचं (पेनल्टीचं) दुकान, पण पास अडवतो. प्रश्न फक्त डावीकडच्या दोघांचा, आणि दोघंही शेजारी शेजारी उभे राहणार ही खरी काळजी. रूकीच्या शेजारी थूनीसारखा जुना माणूस असता तर तो बोलून बोलून सांभाळून घेतो. इथे दोघंही शिकाऊ.

लालशर्ट
हे कोणीच असं सांगितलं नव्हतं, सगळे एकेका नावाला मार्क देत बसतात. पण सिमन्सच्या गुडघ्याचं काय?

चौथाडाऊन
ऑक्टोबर २०२४ मध्ये ओहायो स्टेटकडून खेळताना ओरेगनविरुद्ध पटेलर टेंडन फाटला, म्हणूनच तो ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या पोरांच्या वार्षिक निवडीत) ३२ व्या नंबरपर्यंत खाली आला, नाहीतर इतक्या चांगल्या पायांचा टॅकल आपल्या वाट्याला येतच नाही, आपण दरवर्षी शेवटाला पिक करणारे लोक. त्यातही आपल्या जनरल मॅनेजर वीचने ईगल्सशीच अदलाबदल करून ३१ चा ३२ केला, वर एक पिक घेतला आणि तरी हवा तो माणूस मिळाला. शिवाय जेलन मूरला फोर्टीनाइनर्सकडून दोन वर्षांसाठी ३ कोटी डॉलरना आणलाय. तो तिकडे बहुतेक काळ राखीव होता, तरी त्याला हे पैसे दिले यावरूनच कळतं की फेब्रुवारीनंतर ऑफिसमध्ये लोक किती घाबरले असतील.

सोफाकोच
मला तुमचं सगळं लाईन-लाईन जरा जास्त वाटतं राव. गेल्या वर्षी हीच मोडकी लाईन घेऊन १५-२ झालो की! दोनच हरलो, एक बिल्सशी आणि एक शेवटची ब्रॉन्कोसशी, जिथे मुख्य खेळाडू बसवले होते. माझ्या मते प्रश्न रिसीव्हरचा आहे. राशी राइसचा गुडघा चौथ्या मॅचलाच गेला, हॉलीवूड ब्राउन जवळजवळ वर्षभर बाहेर. टाइट एंड (कधी अडवणारा, कधी कॅच घेणारा) केल्सीचे ९७ कॅच, पण ८२३ यार्ड आणि फक्त ३ टचडाऊन, म्हणजे पकडला की तिथेच आडवा. लांब बॉल टाकायला माणूसच नव्हता. यंदा राइस फिट आहे, रिसीव्हर झेवियर वर्दीचं दुसरं वर्ष, ब्राउन परत आलाय. ऑफेन्स उडणार.

आकडेमोड
सोफाकोच, १५-२ वरून रोस्टर मोजू नका, फसाल. रेग्युलर सीझनमध्ये एका स्कोअरच्या (जास्तीत जास्त आठ पॉइंटच्या) फरकाने संपलेल्या ११ मॅचेस होत्या आणि आपण अकराच्या अकरा जिंकलो. रेव्हन्सच्या लाइकलीच्या पायाचा अंगठा रेषेवर पडला, ब्रॉन्कोसची शेवटची किक लिओ चेनालने अडवली, रेडर्सनी किकच्या अंतरावर येऊन स्नॅपच (मागे बॉल देणंच) हुकवला, चार्जर्सविरुद्ध आपल्याच किकरचा बॉल खांबाला लागून आत गेला. माहोम्स आणि हेड कोच रीड आहेत म्हणून असल्या मॅचेस इतरांपेक्षा जास्त जिंकतो हे मान्य, पण अकरापैकी अकरा कोणीच दरवर्षी जिंकत नाही. तोच रोस्टर तसाच्या तसा उतरवला तरी ११ किंवा १२ विजय व्हायला काही हरकत नाही, आणि लोक म्हणतील टीम बिघडली. म्हणून रोस्टर जोखताना गेल्या वर्षीचा निकाल बाजूला ठेवायचा आणि बघायचं की माहोम्सला ३६ सॅक का पडले. त्याच्या करिअरमधले सगळ्यात जास्त आहेत ते.

आणि लांब बॉलचं म्हणाल तर तोही लाईनशीच जोडलेला आहे. वर्दी ४.२१ सेकंदात चाळीस यार्ड पळतो, कंबाइनचा (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचा) रेकॉर्ड आहे, पण तो तीस यार्ड पुढे जाईपर्यंत क्वार्टरबॅक उभा तर राहिला पाहिजे ना.

सोफाकोच
बरं बाबा, हा मुद्दा पटला. तरी राइसच्या कार अपघाताच्या केसवर लीग कारवाई करेल ती किती मॅचची असेल यावर सुरुवातीचा सगळा हिशोब आहे, हे पण विसरू नका. तो नसला तर तिसरा चौथा रिसीव्हर कोण? जेलन रॉयल्स रूकी आहे.

वहिनी_टचडाऊन
लालशर्ट, तू विचारलंस कुठून सुरुवात करू, त्याचं उत्तर या दोघांच्या भांडणात राहूनच गेलं 😄 मी दरवर्षी ऑगस्टमध्ये हे वेड करते त्यामुळे माझी पद्धत सांगते.

पहिली गोष्ट, टीमने छापलेला डेप्थ चार्ट (कुठल्या जागी पहिला कोण, दुसरा कोण) फार मनावर घेऊ नकोस. त्यावर अनऑफिशियल असं लिहिलेलंच असतं आणि रूकींना बरेचदा मुद्दाम खाली टाकतात. त्यापेक्षा प्रीसीझन मॅचमध्ये कोण कितव्या क्वार्टरला आणि कोणाबरोबर खेळतोय ते बघ. मुख्य लाईनबरोबर पहिल्या ड्राइव्हला उतरलेला माणूस राहणार. चौथ्या क्वार्टरला माहोम्स टोपी घालून हसत उभा असतो तेव्हा जे मैदानात जिवाच्या आकांताने पळतायत, त्यातले बरेच जण ५३ मध्ये नसणार.

दुसरं, ५३ मोजताना वरून मोजायचं नाही, खालून मोजायचं. वरचे चाळीस तुला आत्ता झोपेतही सांगता येतील. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर हे तीन ठरलेले. मग उरतात दहा जागा आणि त्यांच्यासाठी वीसेक जणांची मारामारी. या जागा ऑफेन्स डिफेन्सवर कमी आणि स्पेशल टीम्सवर (किक-पंटच्या वेळच्या फळीवर) जास्त ठरतात. सहावा रिसीव्हर किती छान कॅच घेतो यापेक्षा तो पंटच्या वेळी किती जोरात खाली पळतो ते कोच बघतात. लोक यूट्यूबवर एखाद्या पोराचा एक कॅच बघून रडतात की याला का काढलं, तर काढलं कारण तो किकऑफला कोणाला अडवत नाही.

तिसरं, २६ ऑगस्टला ५३ जाहीर होतील तेव्हा ते अंतिम समजू नकोस. ज्यांचे चार सीझन पूर्ण नाहीत ते वेव्हर्सवर जातात, चोवीस तास बाकी टीम्सना उचलायची संधी असते, तीही गेल्या ड्राफ्टच्या क्रमाने, म्हणजे आपला नंबर जवळजवळ शेवटचा. कोणी उचललं नाही तर त्यातलेच लोक आपण प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावाच्या राखीव यादीवर) परत घेतो, तिथे सोळा जागा आहेत. जुन्या खेळाडूंना वेव्हर्स नाही, म्हणून कधीकधी एखाद्या अनुभवी माणसाला आतून सांगून काढतात आणि दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाला इंजर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीवर) टाकून परत आणतात. त्या दिवशी ग्रुपवर अमक्याला काढलं म्हणून बोंब उठते तेव्हा शांत बसायचं.

लालशर्ट
वहिनी हे सोनं आहे 🙏 एक शंका, मॅचच्या दिवशी ५३ पैकी सगळे खेळत नाहीत ना?

वहिनी_टचडाऊन
नाही. ४८ जण तयार ठेवता येतात पण त्यात किमान आठ ऑफेन्सिव्ह लाईनमन हवेत, सातच ठेवले तर ४७. प्रॅक्टिस स्क्वॉडवरून प्रत्येक मॅचला दोघांना वर आणता येतं. म्हणून तो आठवा लाईनमन कोण, हा वाटतो तितका फालतू प्रश्न नाही. सिमन्सचा गुडघा कुरकुरला तर मूर उतरणार, पण मूरनंतर कोण? मॉरिस? मला विचारशील तर या टीमची खरी परीक्षा तिथे आहे. गेल्या वर्षी पहिल्या माणसामुळे नाही, तिसऱ्या चौथ्यामुळे बुडालो.

आकडेमोड
+१. आणि पलीकडच्या बाजूचं, डिफेन्सचं पण कोणीतरी बोला. टर्शॉन व्हार्टन पँथर्सकडे गेला, जस्टिन रीड सेंट्सकडे. ख्रिस जोन्सच्या शेजारी मधे दाब कोण टाकणार? दुसऱ्या राउंडचा ओमार नॉर्मन-लॉट आहे, कार्लाफ्टिसला नवीन करार दिला, ठीक. पण सिॲटलविरुद्ध प्रीसीझनला आपल्या दुसऱ्या फळीतून त्यांनी बॉल घेऊन जे चालत चालत यार्ड काढले ते बघून मला तरी बरं वाटलं नाही. डिफेन्सचे कोच स्पॅग्नुओलो आहेत म्हणून मागची फळी सांभाळून घेतील, मॅकडफी आहे, पण रन अडवायला डोकं कमी आणि वजन जास्त लागतं.

चौथाडाऊन
दुसऱ्या फळीवरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण डिफेन्सिव्ह टॅकल कमी आहेत हे खरं. कटनंतर बाहेरून एखादा आणतील असं मला वाटतं.

लालशर्ट, आता शेवटची बेअर्सशी प्रीसीझन मॅच आहे ना, मुख्य लोक खेळले तर एक काम कर. बॉल बघूच नकोस. स्नॅप झाला की नजर फक्त सिमन्सवर. त्याचे पहिले तीन पावलं बघ, मागे सरकताना पाय एकमेकांना लागतात का, आणि समोरचा बाहेरून आतल्या बाजूला वळला तर सिमन्सचं वजन आधीच बाहेर गेलेलं असतं का. आतून मार खाल्ला तर काळजी, बाहेरून वळसा घालून कोणी गेला तर माहोम्स एक पाऊल पुढे येऊन वाचतो. मग दुसऱ्यांदा रिप्ले लावून दुसरा टाइट एंड नोआ ग्रे कुठे उभा आहे ते बघ. तो किंवा रनिंग बॅक पचेको बाहेर पळायच्या आधी दर वेळी डावीकडे त्या एज रशरला (कडेने अंगावर येणाऱ्याला) खांदा मारून जात असेल तर समज की कोचेसनाच सिमन्सचा भरवसा नाही. आणि मदत देत बसलेला टाइट एंड कॅचला उशिरा पोचतो, म्हणजे माहोम्सचा एक पर्याय कमी. त्याला एकट्याला सोडत असतील तर तुझी निम्मी काळजी मिटली.

सोफाकोच
पचेकोचं नाव निघालंच आहे तर, पायाचं हाड मोडून परतल्यावर तो आधीसारखा फुटून पळत नव्हता. हंटने ७२८ यार्ड काढले पण तीन यार्ड म्हणजे तीनच. सातव्या राउंडचा ब्रशार्ड स्मिथ राहील का ५३ मध्ये?

वहिनी_टचडाऊन
राहील. रिटर्न पण करतो तो. कापायचाच झाला तर कार्सन स्टील जाईल, माझा अंदाज.

लालशर्ट
सगळ्यांचे आभार. बेअर्सची मॅच सिमन्सवर डोळे लावून बघतो आणि इथेच लिहितो, ग्रे किती वेळा डावीकडे थांबला ते मोजून. चौथाडाऊन, टीव्हीवर तर स्नॅप झाला की कॅमेरा बॉलच्या मागे जातो, वरून सगळे बावीस जण दिसतात ते फुटेज प्रीसीझन मॅचचं पण मिळतं का?

चौथाडाऊन
लीगच्या स्वतःच्या ॲपवर पैसे भरले की मिळतं, पण लगेच नाही, मॅचनंतर थोडं थांबावं लागतं. तोपर्यंत टीव्हीवरचंच रेकॉर्ड करून ठेव. टॅकल तर फ्रेममध्ये असतोच, निदान पहिले दोन सेकंद, आणि तुला तेवढेच बघायचेत.