फायरवॉलवर एचटीटीपीएस उघडून तपासावं का?

पहारेकरी
ऑफिसच्या नेटवर्कवर टीएलएस इन्स्पेक्शन (टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, ते मध्येच उघडून आतलं तपासणं) चालू करायचं का, यावरून आमच्या टीममध्ये दोन तट पडलेत. माझं मत: करायलाच हवं. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट फुकट मिळायला लागल्यापासून फिशिंगच्या पानांवरही कुलूप दिसतं. बरंचसं मालवेअर स्वतःच्या सर्व्हरशी एचटीटीपीएसच्याच ४४३ पोर्टवरून बोलतं, आणि तेही एन्क्रिप्टेड. फायरवॉलच्या हाती काय लागतं? आयपी पत्ता आणि हँडशेकमधलं (कनेक्शनच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतलं) एसएनआय, म्हणजे साइटचं नाव. २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं, तेव्हापासून सर्व्हरचं सर्टिफिकेटसुद्धा झाकून येतं. कुठली फाइल उतरली, कोणता डेटा बाहेर गेला, काहीच कळत नाही. आयपीएस (नेटवर्कवरचे हल्ले ओळखून अडवणारी यंत्रणा) आणि अँटिव्हायरसचे सगळे मॉड्यूल घ्यायचे आणि बंद पाकिटावरचा पत्ता वाचत बसायचं, हे मला पटत नाही.

कुलूपकिल्ली
"उघडणं" म्हणजे नक्की काय, ते आधी बोलू. फायरवॉल मध्ये बसतो, साइटच्या नावाचं सर्टिफिकेट स्वतः बनवून ब्राउझरला देतो आणि पलीकडे सर्व्हरशी वेगळं कनेक्शन करतो. ब्राउझरने ते मानावं म्हणून प्रत्येक मशीनवर तुमचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटना खरं ठरवणारं मूळ, टाकावं लागतं. त्यानंतर खऱ्या साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला दिसतच नाही, ते तपासायची सगळी भिस्त फायरवॉलवर. ब्राउझर सतत अपडेट होतात. तुमच्या फायरवॉलचं फर्मवेअर शेवटचं कधी बदललं? अशी बरीच उत्पादनं सर्टिफिकेटची साखळी नीट तपासत नाहीत, असा इशारा यूएस-सर्टने (अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने) २०१७ मध्येच दिला होता. त्याआधी २०१५ मध्ये सुपरफिश उघडकीला आलं. लेनोवोच्या लॅपटॉपवर जाहिराती घुसवण्यासाठी टाकलेलं रूट, आणि सगळ्या मशीनवर सही करायची प्रायव्हेट की एकच!

पहारेकरी
सुपरफिश इथे लागू होत नाही. आपली की आपणच बनवतो, एचएसएममध्ये, म्हणजे की जपणाऱ्या वेगळ्या उपकरणात, ठेवता येते. आणि साइटचं सर्टिफिकेट खोटं किंवा मुदत संपलेलं निघालं, तर फायरवॉल ते वेगळ्या, मशीनवर न टाकलेल्या सीएने (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याने) सही करून पुढे पाठवू शकतो. म्हणजे वापरणाऱ्याला इशारा दिसतोच. नीट सेट करायची मेहनत घ्यायला हवी, एवढंच.

रात्रपाळी
मी सपोर्टला आहे, त्यामुळे वरच्या वादात न आलेलं सांगतो. रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये टाकलं की काम झालं, असं समजू नका. जावाचा कीस्टोअर, म्हणजे सर्टिफिकेटचा साठा, वेगळा. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आपली स्वतःची यादी वापरते. अँड्रॉइड ७ पासून वापरणाऱ्याने टाकलेलं रूट ॲप्स आपणहून मानत नाहीत, आणि पिनिंग केलेली, म्हणजे ठरलेलंच सर्टिफिकेट मानणारी, ॲप्स तर सरळ बंदच पडतात.

आमच्याकडे इन्स्पेक्शन चालू झालं आणि एका डेव्हलपरची स्क्रिप्ट सर्टिफिकेटच्या एररवर अडली. त्याने कोडमध्ये व्हेरिफाय फॉल्स केलं, म्हणजे तपासणीच बंद केली, स्क्रिप्ट पळाली, तिकीट बंद. तोच कोड पुढे प्रॉडक्शनला गेला. तिथे इन्स्पेक्शन नव्हतंच, पण आता सर्टिफिकेटची तपासणीही उरली नव्हती. सुरक्षा वाढवायला निघालो आणि लोकांना सर्टिफिकेटकडे दुर्लक्ष करायची सवय लावली. याचा मला फार त्रास होतो.

पहारेकरी
मग रूट कुठे कुठे टाकायचं, त्याची यादी चालू करायच्या आधीच डेव्हलपरच्या हातात द्या. बँका, आरोग्याच्या साइट, पिनिंगवाली ॲप्स वगळा. यूडीपी ४४३ अडवलं की ब्राउझर क्विक (फायरवॉलला उघडायला अवघड असलेला, यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल) सोडून टीसीपीवर येतो, तोही प्रश्न सुटतो.

कुलूपकिल्ली
बँका वगळल्या तरी लोकांची खाजगी मेल, पासवर्ड, सेशन कुकी एका डब्यात उघडी पडतात. तो डबा फुटला तर सगळ्यांचं सगळं गेलं. इन्स्पेक्शन करायचंच तर नेटवर्कमध्ये एकदाच करा, असं एनएसएनेही (अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने) २०१९ मध्ये बजावलं होतं. जितक्या जागी उघडाल तितक्या चोरवाटा.

उत्तरध्रुव
मुळात उघडायचं कशाला? लॅपटॉपवर ईडीआर (मशीनवरच्या हालचालींवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, तिथे डेटा आधीच डिक्रिप्ट झालेला असतो. सोबत डीएनएस फिल्टर (घातक साइटची नावंच अडवणारा) लावा. उद्या ईसीएचमुळे (हँडशेकची सुरुवातही एन्क्रिप्ट करणाऱ्या सोयीमुळे) एसएनआयही झाकलं जाईल, तेव्हा नेटवर्कवरून बघायचा हट्ट सोडलेलाच बरा.

पहारेकरी
आणि कॅमेरे, प्रिंटर, पाहुण्यांचे फोन? त्यांवर ईडीआर कुठे चालतो?

उत्तरध्रुव
त्यांवर तुमचं रूट तरी कुठे चढतं? जिथे रूट टाकता येतं तिथे बहुतेक वेळा ईडीआरही टाकता येतो.

पहारेकरी
म्हणूनच कॅमेरे-प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनवर (बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कवर), फक्त लागतील तेवढेच पत्ते उघडे. पण लॅपटॉपबाबत मी ठाम आहे. रॅन्समवेअरवाले आत शिरले की आधी ईडीआर बंद पाडायला बघतात. त्या वेळी बाहेर जाणारा डेटा बघणारं दुसरं कोणीतरी हवंच.

कुलूपकिल्ली
हवंय ना, मग डिक्रिप्ट केलेले लॉग कोण वाचणार, किती दिवस ठेवणार आणि कर्मचाऱ्यांना हे लेखी कधी सांगणार, ते आधी ठरवा. या तीन गोष्टी ठरल्याशिवाय बटण दाबायला माझा विरोधच राहील.