मदत हवी आहे : दुसरा डोस लांबला, आईचा पहिला डोस वाया गेला का?

मानेवाडाकर (२७ मे २०२१)
आईने ३ एप्रिलला कोरोनाच्या लसीचा पहिला डोस घेतला. तेव्हा परिचारिकेने कागदावर निळ्या पेनाने ‘६ ते ८ आठवडे’ असे लिहून दिले होते. परवा आठ आठवडे पूर्ण होतील. आज ती भर उन्हात रांगेत उभी राहिली, तरी अजून वेळ झाली नाही असे सांगून तिला परत पाठवले. शेजारच्या काकू म्हणतात की, मुदत उलटली की पहिला डोस बाद होतो. कृपया लवकर सांगा.

महालवासी
लस कोणती, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. कोव्हॅक्सिनचे अंतर ४ ते ६ आठवड्यांचे आहे, तर कोविशील्डचे १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे करण्यात आले.

मानेवाडाकर
कोविशील्डच. आमच्या भागात सगळ्यांना तीच मिळाली.

महालवासी
मग बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस, २६ जूनला पूर्ण होतील आणि त्याआधी कोविन हे लसीकरणाचे सरकारी संकेतस्थळ नोंदणी घेणार नाही. डोस वाया गेलेला नाही. उलट, बारा आठवड्यांच्या अंतराने ही लस अधिक परिणामकारक ठरल्याचे ती विकसित करणाऱ्या ऑक्सफर्डच्या चाचण्यांत दिसले आहे.

धंतोलीकर
इतके थांबण्यापेक्षा दुसरा डोस कोव्हॅक्सिनचा घ्या. नाहीतर अँटीबॉडी तपासून पाहा. माझी संख्या उत्तम आली आणि मी निश्चिंत आहे.

निवृत्त परिचारिका
धंतोलीकर, कृपया असा सल्ला देऊ नका. दोन्ही डोस एकाच लसीचे घ्यायचे, असा सरकारी नियम आहे. अँटीबॉडीची किती संख्या पुरेशी, हे अद्याप ठरलेले नाही. त्या आकड्याच्या भरवशावर मास्क उतरवलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते. मानेवाडाकर, मधल्या काळात आईंना कोरोना झाला होता का?

मानेवाडाकर
हो. २१ एप्रिलला ताप आला आणि चाचणी पॉझिटिव्ह निघाली. ५ मेपर्यंत ती घरीच बरी झाली. लसीमुळेच झाला असे नातेवाईक म्हणतात, म्हणून लिहायचे टाळले.

निवृत्त परिचारिका
हेच सर्वांत महत्त्वाचे होते. कोविशील्डमध्ये कोरोनाचा विषाणू नसतो. शरीरात वाढू न शकणाऱ्या एका वेगळ्या विषाणूतून कोरोनाच्या विषाणूवरील काटेरी प्रथिनाचा फक्त आराखडा पेशींना दिला जातो, त्यामुळे तिच्यापासून कोरोना होऊच शकत नाही. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि एका डोसाने ते अपुरेच राहते. त्या दिवसांत नागपुरात साथ किती भयंकर होती, हे आपण सर्वांनी सोसले आहे. पहिल्या डोसानंतर कोरोना झाल्यास दुसरा डोस बरे झाल्यावर तीन महिन्यांनी घ्यावा, असे आरोग्य मंत्रालयाने १९ मे रोजी सांगितले आहे. म्हणजे आईंची वेळ ५ ऑगस्टनंतर येते.

मानेवाडाकर
आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. पण ५ ऑगस्ट म्हणजे सोळा आठवडेही उलटतील. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागेल का?

निवृत्त परिचारिका
नाही. उशीर झाला तरी मालिका नव्याने सुरू करावी लागत नाही. शरीराला पहिल्या डोसाची ओळख राहते. आईंना मधुमेह किंवा इतर आजार असल्यास नेहमीच्या डॉक्टरांना तारीख दाखवा आणि तोवर मास्क सोडू नका.

मानेवाडाकर
मधुमेह आहे. उद्याच डॉक्टरांकडे जातो. तो कागद आईने शिधापत्रिकेत जपून ठेवला आहे. त्यावर ‘५ ऑगस्टनंतर’ असे तिच्यासमोरच लिहिले.