आई-बाबांचा पहिला विमानप्रवास थेट लेहला: तिसऱ्या दिवशी पँगाँग झेपेल का?

इंदापूरची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, आई ६२. बाबा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. दोघांनीही अजून विमानात पाऊल ठेवलेलं नाही. ‘थ्री इडियट्स’ टीव्हीवर लागला की बाबा शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत आणि पँगाँग तळ्याचं ते निळं पाणी आलं की दर वेळी म्हणतात, “हे एकदा बघायचंय.” यंदा न्यायचंच, असं भावाने आणि मी ठरवलंय.

जूनचा शेवटचा आठवडा, सहा दिवस. एका टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी पुणे-दिल्ली-लेह आणि दुपारी लगेच लेहदर्शन. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं. तिसऱ्या दिवशी नुब्राहून पँगाँग, तिथेच तंबूत मुक्काम. चौथ्या दिवशी परत येताना ‘थ्री इडियट्स’मधली रँचोची शाळा, पाचवा दिवस खरेदीला, सहाव्या दिवशी परतीचं विमान.

बाबांना बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. जमेल का? आणि पहिल्यांदाच विमानात बसणार, तर खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी, काय काळजी घ्यावी, तेही सांगा.

भटक्या_सातारा

बिनधास्त न्या. माझे वडील सत्तराव्या वर्षी जाऊन आले, काही झालं नाही. कापूर हुंगायला ठेवा, लसूण खायला द्या.

नांदूरची

ताई, लेहला जरूर न्या, पण हा कार्यक्रम घेऊन नेऊ नका.

मी नाशिकची. रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करायचं माझं काम, त्यामुळे वर्षातले साठ-सत्तर दिवस विमानात नाहीतर विमानतळावर जातात. लेहला अकरा वेळा गेले. त्यातली एकच खेप निव्वळ फिरायला होती, आणि तीच चुकली.

२०१५ ची गोष्ट. मामा, मामी, आई आणि मी. टूरवाल्याने दुसऱ्याच दिवशी पँगाँग ठेवलं होतं, एका दिवसात जाऊन येऊन. मी कामासाठी तीनदा लेहला जाऊन आलेली, पण तेव्हा दिवसभर रुग्णालयाच्या चार भिंतींतच असायची. उंचीचं गांभीर्य मलाही कळलेलं नव्हतं. चांग ला खिंडीत गाडी थांबली. सगळे चहाला उतरले, मामा गाडीतच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी पेला धरलाच नाही. “मामा, डोकं दुखतंय का?” विचारलं, तर म्हणाले, “पंचवटी आली का?” गंमत करताहेत असं मला क्षणभर वाटलं. मग त्यांची नजर पाहिली. ओठांवर निळसर झाक होती. खिंडीतल्या लष्कराच्या मदतकेंद्रात जवानांनी ऑक्सिजन लावला आणि सांगितलं, “आत्ताच्या आत्ता खाली उतरा.” कारूपर्यंत आलो तोवर ते मला नावाने हाक मारायला लागले होते. ती रात्र लेहच्या एसएनएम रुग्णालयात काढली. मामा बरे झाले, पण तळं त्यांनी पाहिलं नाही. पुढे गुडघे गेले आणि ते राहूनच गेलं. हे मला आजही लागतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आता हिशोब बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. लेह शहर ३५०० मीटरवर. विमान तुम्हाला सकाळच्या सकाळी तिथे नेऊन सोडतं, शरीराला तयारीला वेळच मिळत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. पँगाँगचा तंबू सव्वाचार हजारांच्या आसपास असतो. नुब्रात हुंदर-दिस्कितला झोपायची उंची लेहपेक्षा कमी आहे, तिथे राहायला हरकत नाही. पण तिथे जायचं तर ५३०० मीटरच्या वरची खिंड ओलांडायची, तीही दुसऱ्याच दिवशी. हे नको.

सहाचे आठ दिवस करा. पहिले दोन दिवस काहीही बघायचं नाही. काहीही म्हणजे बाजारसुद्धा नाही. खोली तळमजल्याची मागा, कारण तिथे एक जिना चढला तरी धाप लागते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या, पण पहिल्या दिवशी ८५-९० आकडा दिसला तर घाबरू नका, तिथे तो नेहमीचा आहे. डोकं दुखलं, भूक गेली, तर पडून राहायचं आणि आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोक गेला, बोलण्यात गोंधळ वाटला, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायची तयारी करायची. बाबांची बीपीची गोळी कोणती आहे ते दाखवून डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) डॉक्टरांना आत्ताच विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. कापूर-लसणावर विसंबू नका. भटक्या दादांच्या वडिलांना काही झालं नाही, याचा मला आनंदच आहे. पण माझ्या मामांचीही तब्येत ठणठणीतच होती.

घाटवाट

वर म्हटलंय ते पटलं. वेळ असेल तर जाताना श्रीनगरवरून रस्त्याने जा. श्रीनगर सोळाशे मीटर, झोजी ला ओलांडून कारगिल सत्तावीसशेच्या आसपास, तिथे एक रात्र, मग लेह. शरीर हळूहळू सरावतं. येताना विमान. आम्ही आईला असंच नेलं होतं.

इंदापूरची_लेक

नांदूरची ताई, वाचून अंगावर काटा आला. रजा वाढवून घेते. रस्त्याने दोन दिवस बसणं आईच्या कमरेला झेपणार नाही, त्यामुळे विमानच. पण दोन दिवस खोलीत बसायचं म्हटल्यावर बाबा ऐकतील का? आणि भाऊ म्हणतो, पँगाँगला आता नुसता बाजार झालाय, सिनेमाच्या नादाने जाण्यात अर्थ नाही. मग बेतच बदलावा का?

नांदूरची

बेत बदलू नका. सिनेमा पाहून एखाद्या जागेची ओढ लागली, तर त्यात कमीपणा कसला? माझ्या आजीने पंढरपूर आधी कीर्तनात ऐकलं, मग पाहिलं. ओढ कुठूनही लागू दे. पडद्यावर दिसली तेवढीच चौकट शोधून परत फिरतात, त्याचं मला वाईट वाटतं. तळ्याच्या काठावर पिवळ्या स्कूटर उभ्या असतात, सिनेमातल्या त्या तीन बैठका असतात, पैसे देऊन फोटो काढायचे. लोक पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून येतात, स्कूटरवर बसतात, पाऊण तासात परत निघतात. तळं १३० किलोमीटरहून लांब आहे हो! त्यातला बराच भाग चीनच्या ताब्यात आहे, तरी आपल्या बाजूलाही डोळ्यांत मावणार नाही इतकं पाणी आहे. बाबांना फोटो काढू द्या, हौस आहे त्यांची. मग गाडी पुढे घ्या आणि एका जागी तासभर बसा. ढग सरकला की पाण्याचा रंग बदलतो, निळा, मग मोरपिशी, मग काठाशी हिरवा. पाणी चाखायला सांगा, मचूळ-खारट लागेल.

रँचोची शाळा मात्र कार्यक्रमातून काढा, असं मी हात जोडून सांगेन. शे गावची ती खरी शाळा आहे, खरी मुलं तिथे शिकतात. २०१० च्या ढगफुटीत तिचं मोठं नुकसान झालं, त्यातून ती उभी राहिली. पुढे पर्यटकांची एवढी रीघ लागली की मुलांचं लक्ष लागेना. शेवटी २०१८ मध्ये सिनेमातली ती प्रसिद्ध भिंत हटवायचा निर्णय शाळेनेच घेतला. आपल्या गावच्या शाळेत रोज शे-दोनशे माणसं फोटो काढायला आली तर आपल्याला चालेल का?

त्याऐवजी करमणूकच हवी तर तिथली बघा. जून-जुलैत हेमिसच्या मठाचा उत्सव असतो. तिबेटी पंचांगाप्रमाणे तारीख बदलते, ती आधी पाहून घ्या. मुखवटे घातलेले भिक्षू अंगणात संथ गिरक्या घेतात, लांबलचक कर्णे वाजतात, झांजा वाजतात. मला आमच्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवला. तोच मुखवटा, तीच मुलांची भीती आणि तेच मुलांचं पुन्हा पुन्हा पुढे सरकणं. माझ्या शेजारी एक लडाखी आजी जपमाळ ओढत बसली होती. तिने काही न बोलता माझ्या हातात जर्दाळू ठेवले. तिच्याशी बोलायला मला दोन शब्द येत नव्हते, तरी तीन तास आम्ही एकमेकींना काय काय दाखवत बसलो होतो.

आता विमान. बाबा मेकॅनिक आहेत ना? मग खोलीत बसायचं कारण त्यांना यंत्राच्या भाषेत सांगा. उंचावर हवा विरळ, म्हणून पंखांना उचल कमी आणि इंजिनाला ताकद कमी. त्यामुळे लेहहून उडताना विमानात वजन मर्यादित ठेवावं लागतं. दुपारी ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, वारेही सुटतात, म्हणून तिथली विमानं बहुतेक सकाळीच येतात-जातात. इंजिनालासुद्धा लेहमध्ये जपून वागावं लागतं, हे कळलं की बाबा स्वतःच आडवे होतील.

आणखी एक गंमत दाखवा. उडत्या विमानात आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांच्या वर, म्हणून उतरण्याआधी आतला दाब आणखी कमी करावा लागतो. पिशवीत बाकरवडीचं बंद पाकीट ठेवा. पुण्यात हाताला मऊ लागलेलं पाकीट लेहला टम्म फुगलेलं असतं, बोटाने दाबलं तर टकटक वाजतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते.

खिडकी कुठल्याही बाजूची घ्या, फक्त पंखाच्या पुढची घ्या आणि दोघांना दोन खिडक्या द्या. पैसे जास्त पडले तरी द्या. कानात हेडफोन आणि पुढ्यात मोबाइलचा पडदा नको. दिल्लीहून सव्वा तासाचा प्रवास. आधी मैदानी शेतं, मग हिरवे डोंगर, मग एकदम बर्फ, आणि बर्फ संपलं की तपकिरी, उघडे डोंगर. महाबळेश्वरहून माण-खटावकडे जाताना पाऊस जसा गायब होतो, तसंच ते, फक्त अवाढव्य. लेहला वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो. दिल्लीला उतरताना कान दडतील, त्यासाठी लिमलेटच्या गोळ्या ठेवा. लोहगावसारखाच लेहचा विमानतळही हवाई दलाचा, त्यामुळे तिथे फोटो काढायचे नाहीत आणि खिडकी बंद करा म्हटलं की लगेच करायची.

तुम्ही इंदापूरकडच्या, म्हणून हे खास. उजनीच्या पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात तांबूस-नारिंगी बदकं येतात ना, चक्रवाक? ती उन्हाळ्यात लडाखमध्ये वीण घालतात. पँगाँगच्या काठावर मी त्यांना पिलांसकट पाहिलंय. आमच्या नांदूरमधमेश्वरला येणारे पट्टेरी डोक्याचे हंसही तिकडचेच. हिमालय ओलांडून येतात बिचारे, दाब राखणाऱ्या केबिनशिवाय.

माजी_फौजी

मी त्या भागात दोन हिवाळे काढले. ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर. दोन गोष्टी वाढवतो. पँगाँगला दुपारनंतर वारा सुटतो आणि जूनमध्येसुद्धा कानटोपी लागते. आणि पाणी जपून वापरा. तिकडची बरीच घरं कोरडा संडास वापरतात, राख-माती टाकून त्याचं खत करतात. तंबूवाल्याने तसा दिला तर तक्रार करू नका.

इंदापूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांचं ठरलं. पहिले दोन दिवस आराम, मग सिंधू-झंस्कारचा संगम आणि आल्चीचा मठ, मग पँगाँगला एक रात्र. नुब्रा आणि शाळा काढली. टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं, गाडी आणि खोल्या आम्हीच ठरवतोय.

काल बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. इंजिनाचं ऐकून मान डोलावली. चक्रवाकाशी आल्यावर मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. धरणात आमची जमीन गेली तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. म्हणाले, “पाणी भरलं त्यानंतर ती बदकं दिसायला लागली. कुठून येतात, कधी कळलंच नाही.” आता विचारताहेत, ती तळ्याच्या नेमक्या कोणत्या बाजूला दिसतील?

नांदूरची

लुकुंगला, तळ्याच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला. तिथे ओढा येऊन मिळतो, थोडी दलदल आहे. पहाटे साडेपाचला जा, वारा नसतो. लांबूनच बघा, पिलं असतात. गरम पाण्याचा थर्मास आणि बाबांना हातमोजे विसरू नका.