उझबेकिस्तानात पाहुणे म्हणून गेलात तेव्हा... (अनुभव धागा)

ऑक्टोबरात ताश्कंद, समरकंद आणि बुखारा पाहून आले. समरकंदच्या रेगिस्तान चौकाचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण घरात दस्तरखानावर (जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती) बसल्यावर कसं वागायचं ते तिथे गेल्यावरच कळलं. जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा, पुढच्यांना उपयोग होईल.

सुरुवात मी करते. समरकंदला एका घरी जेवायला बोलावलं होतं. सूनबाईंनी पियाल्यात (बिनकानाच्या छोट्या वाडग्यात) जेमतेम तीन घोट चहा दिला. मन खट्टू झालं. पण पियाला रिकामा झाला की त्या लगेच ओतायच्या, पुन्हा तेवढाच. थोडा थोडा देणं हाच तिथला मान: चहा गरम राहतो आणि तुमच्याकडे लक्षही राहतं. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे 'आता निघा'. वाढण्याआधी चहा तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घालतात, त्याला 'काइतार' म्हणतात. पियाला उजव्या हाताने देतात, डावा हात छातीवर.

*

मी नान उलटी ठेवली. यजमानांच्या आजींनी न बोलता सुलटी केली. तिथे नानला सुरी लावत नाहीत; घरातलं वडील माणूस हाताने तोडून सगळ्यांपुढे ठेवतं. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

*

ताश्कंदला शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी उभे होतो. १९६६ साली ते तिथेच गेले. एक वृद्ध गृहस्थ थांबले, माझ्याशी हात मिळवला. माझ्या बायकोकडे वळून मात्र त्यांनी फक्त उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली. परक्या बाईपुढे पुरुषाने आपणहून हात करू नये, हे लक्षात ठेवा.

*

शाकाहारींसाठी कळकळीने लिहिते. 'मांस बाजूला काढून द्या' म्हणू नका. पलोव (तिथला पुलाव) मांसाबरोबरच शिजतो, बऱ्याचदा मेंढीच्या शेपटीची चरबीही असते. आणि पाहुण्यासाठी घरातली ताई सकाळपासून कढईपाशी उभी असते. पानावर बसून नको म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. आम्ही आदल्या दिवशीच 'गोश्तसिझ' (मांसाशिवाय) असं सांगितलं होतं. तिने भोपळ्याचे सोमसा (भट्टीत भाजलेले समोसे) केले आणि अचिचुक, म्हणजे टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. पोटभर जेवलो.

*

मुलगा समरकंदला मेडिकलला आहे. त्याच्या मित्राकडे गेलो तेव्हा संकोचाने दाराशी बसलो, तर सगळे अस्वस्थ झाले. दारापासून सर्वांत लांबची जागा, 'तोर', पाहुण्याची. दाखवतील तिथे बसा. मोठ्या पुरुषाला 'अका', बाईला 'ओपा' म्हणा. आपल्या 'अक्का'शी गल्लत होते, सांभाळा!

*

जेवण संपलं की दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून 'ओमिन' (आमेन) म्हणतात. त्यानंतर पानातलं काही उचलायचं नाही.

बुखाऱ्याला आम्ही उतरलो त्या घरात भिंतीवर एक वाळलेली नान टांगलेली होती, कडेला चावा घेतलेली. मी काढायला हात लावणार होते. यजमानीण धावत आली. मुलगा सैन्यात जाताना त्याने एक घास तोडला होता. उरलेली नान तो परत येऊन खाणार.