लहानग्यांच्या दगडावर काय लिहावं: 'निजली', 'ख्रिस्तवासी' की 'देवाने नेली'?

आबोली
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत. आम्ही वेंगुर्ल्याकडचे कॅथलिक. माझ्या मावसबहिणीची चार वर्षांची मुलगी गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. वर्षाचा मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) जवळ आलाय, त्याआधी सिमित्रीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, दगड बसवायचा आहे. सासरच्यांनी मजकूर काढला तो असा: आधी 'कै. कु.' आणि नाव, खाली 'देवाने नेली', त्याखाली 'आत्म्यास चिरशांती लाभो'. बहीण म्हणते, यातली एकही ओळ मला नको. का नको ते तिला सांगता येत नाही आणि आम्हाला विचारवत नाही. 'ख्रिस्तवासी' चालेल का? मी 'प्रभूमध्ये निजली' सुचवलं, तर सासरे म्हणाले, ही बायबलातली भाषा, आपली नव्हे. खरंच तसं आहे का?

खाडीकाठ
'कै.' म्हणजे कैलासवासी. छापील पत्रिकांमुळे तो आता नुसता 'मृत' अशा अर्थाने कुणाच्याही नावाआधी लागतो, पण ख्रिस्ती मुलीच्या नावाआधी नकोच. 'ख्रिस्तवासी' हा कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी यांच्याच साच्यातला, व्याकरणाने निर्दोष. फक्त कानाला विचाराल तर हे सगळे 'वासी' वडीलधाऱ्यांचे शब्द आहेत. चार वर्षांच्या पोरीला 'ख्रिस्तवासी' म्हणणं म्हणजे तिला नऊवारी नेसवून उभं करणं.

'निजणे' मात्र परका नाही. बाळ निजतं, गावात निजानीज होते. उलट 'चिरनिद्रा' आणि 'महानिद्रा' हेच पुस्तकी. मरणाला नीज म्हणणं मराठीला बायबलाने शिकवलेलं नाही.

केळबाग (वसई)
आबोलीताई, 'आत्म्यास चिरशांती लाभो' तुमच्या बहिणीला का टोचतं, ते मला थोडंफार सांगता येईल. आमच्या धर्मग्रामात मी मुलांना धर्मशिक्षण देतो, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ती ओळ म्हणजे मागणं आहे, आणि ते मोठ्यांसाठीचं. माणूस जन्मभरात काही ना काही करून ठेवतो, म्हणून मागे राहिलेले त्याच्यासाठी मागतात. सात दिवसांचा मिस्सा, महिन्याचा, वर्षाचा, २ नोव्हेंबरला सिमित्रीत मेणबत्त्या, हे सगळं त्यासाठीच. पण बाप्तिस्मा झालेलं, समज न आलेलं मूल थेट देवाजवळ असतं ही शिकवण. समज येण्याचं वय साधारण सात धरतात. मग चार वर्षांच्या मुलीच्या आत्म्यासाठी मागायचं काय?

१६१४ चा रोमन विधिग्रंथ हे फार काटेकोर पाळतो. लहान मुलाच्या दफनाला काळी वस्त्रं नाहीत, पांढरी. डोक्यावर फुलांचा किंवा सुवासिक पाल्याचा मुकुट. घंटा शक्यतो वाजवूच नयेत, वाजवल्याच तर शोकाच्या नव्हे, सणाच्या सुरात. स्तोत्रंही स्तुतीची.

आता ज्या घरातला पाळणा ओस पडलाय त्या घरासाठी सणाची घंटा! मला हे कठोर वाटतं, आणि फादरांनाही मी तसं बोललोय. देवळाला, म्हणजे चर्चला, सांगायचं होतं की लेकरू सुखरूप आहे. पण लेकरू सुखरूप आहे म्हणून आईने रडू नये, असं त्यातून आपोआप निघतं. १९६९ च्या सुधारित दफनविधीत आईबापांना जागा मिळाली. मुलांच्या दफनाच्या प्रार्थना त्यात वेगळ्या आहेत, आणि त्यांतलं मागणं बरंचसं मागे राहिलेल्यांसाठी आहे.

तेव्हा दगडावर 'शांती लाभो' लिहायचंच असेल तर कुणाला, ते आधी ठरवा. मुलीला ती आहे. तुमच्या बहिणीला नाही.

पाणकोंबडी
मध्येच विचारते. आमची आजी म्हणायची, बिनबाप्तिस्म्याचं मूल लिंबोत जातं, त्याला देव दिसत नाही. माझी एक आत्या जन्मतःच गेली होती. तिचं नाव आजी कधी तेर्सात (संध्याकाळच्या जपमाळेत) घ्यायची नाही, पण तेर्स संपला की एकटीच बसून राहायची. हा लिंबो शब्द आहे तरी काय?

केळबाग (वसई)
लॅटिन 'लिंबुस' म्हणजे काठ, कपड्याची किनार. स्वर्गात नाही, नरकात नाही, काठावर. पंडितांनी शतकानुशतकं शिकवलं, पण देवळाने ते श्रद्धेचं कलम कधी केलं नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा मुलांना देवाच्या दयेवर सोपवलंय, लिंबोचं नावही नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या ईश्वरशास्त्र आयोगाने या एकाच विषयावर निबंध काढला, त्याच्या मथळ्यातच 'आशा' हा शब्द आहे. १९६९ च्या विधीत बिनबाप्तिस्म्याच्या मुलासाठीही प्रार्थना आहे. आत्याचं नाव तुम्ही बेलाशक घ्या.

कंदील
विषय भरकटतोय. 'देवाने नेली' यात चूक काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दहाही मुलं एका दिवसात गेल्यावर बायबलातला ईयोब स्वतः म्हणतो, 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. धन्य परमेश्वराचे नाम.' प्रेषित पौलानेही थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात शोक करू नका असंच लिहिलंय. आपण विश्वासणारे आहोत तर तसं म्हणायला लाज कसली?

सुरंगी (मालवण)
कंदीलदादा, मी सांगते चूक काय ती. माझा धाकटा गेला तेव्हा येईल ती बाई उंबऱ्यातच सुरू करायची, "रडा नको गो, देवान दिल्यान, देवान नेल्यान." मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसायचे. देवान नेल्यान म्हणजे काय? तो माझ्या घरात शिरला, तीन पोरं बघितली आणि त्यातलं एक उचललं? आणि संध्याकाळी त्याच्यासमोरच मी तेर्स म्हणायचा? देऊळ मी सोडलं नाही. पण कितीतरी दिवस 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणताना 'तुझी इच्छा पूर्ण होवो' आलं की माझं तोंड बंद व्हायचं. बाजूच्या म्हणायच्या, मी ऐकायचे.

शेजारची एक आजी, आमच्यातली नव्हे, ती काहीच बोलली नाही. आमची चूल बंद होती, तर रोज सकाळी पेजेचा टोप ओट्यावर ठेवून जायची. एकदा टोप न्यायला आली आणि बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तेका आंबोशी चोखूक आवडायची मां?" त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसांत बसून रडले.

आणि 'निजली' लिहिणार असाल तर एक सांभाळा. माझ्या मोठ्याला आम्ही सांगितलं होतं, भाऊ निजलाय. तो रात्री निजायलाच तयार होईना. दिवा घालवला की किंचाळायचा. घरात दुसरं लहान मूल असेल तर दगडावर काय हवं ते लिहा, पण त्याला सरळ सांगा की ती मेली, आणि मेलं म्हणजे काय तेही सांगा.

खाडीकाठ
सुरंगीताई, तुमच्या या शेवटच्या सांगण्यापुढे माझं व्याकरण काही कामाचं नाही. तरी एक भर घालतो. 'गेली', 'निजली' या क्रियापदांत करणारी मुलगीच आहे. 'नेली' म्हटलं की करणारा दुसरा आणि मुलगी नुसती वस्तू. 'जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला' ही वर्तमानपत्रातली कायमची ओळही मला कधी पटली नाही. मागे उरली ती पोरं काय नावडती?

केळबाग (वसई)
कंदीलभाऊ, वाक्य ईयोबाचंच आहे, पण ते कुणाच्या तोंडी आहे ते बघा. ज्याची सात मुलगे आणि तीन मुली गेल्या त्याच्या. समाचाराला आलेल्या मित्रांनी ते म्हटलेलं नाही. मित्र काय करतात? सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. अख्ख्या पुस्तकात त्यांच्या हातून घडलेलं चांगलं काम तेवढंच. तोंड उघडल्यावर ते देवाची बाजू मांडत सुटतात, आणि शेवटी देव त्यांनाच सांगतो की माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय नुसता 'धन्य' म्हणून गप्प बसला होता? त्याने पुढे आपल्या जन्मदिवसाला शाप दिलाय, देवाला जाब विचारलाय. तेही 'यथार्थ' मध्येच धरलं गेलं.

म्हणून 'देवाने नेली' हे आईने म्हटलं तर ती श्रद्धा. तेच आपण तिला ऐकवलं तर तिच्यावर बसवलेलं ओझं. इथे आईला नको आहे, विषय संपला.

ईयोबाच्या शेवटाकडे आमच्या वर्गातल्या एका मुलीने माझं लक्ष वेधलं. त्याला सगळं दुप्पट परत मिळतं. मेंढरं ७००० होती ती १४,००० झाली, उंट ३००० चे ६०००. मुलं मात्र पुन्हा सात आणि तीन, दुप्पट नाहीत. काही भाष्यकार म्हणतात, पहिली दहा हरवलेलीच नाहीत, ती देवाजवळ आहेत, म्हणजे बेरीज दुप्पटच. मला हे आवडतं. पण नवी दहा आली म्हणून जुन्या दहांचं दुःख फिटलं, असं मात्र त्यातून कुणी काढू नये. ते पुस्तकात नाही.

आता पौल. तो 'शोक करू नका' एवढंच लिहून थांबत नाही. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा शोक करू नका, असं त्याचं वाक्य आहे. अर्धं वाक्य तोडून आईच्या तोंडावर फेकायचं नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीशी येशू स्वतः रडला, आणि तो थोड्याच वेळात लाजराला उठवणार होता.

'निजली' बद्दल माझं मत सांगतो. ख्रिस्ती दफनभूमीला हा शब्द पहिल्यापासून चिकटलेला आहे. आपण सिमित्री म्हणतो, गोव्याकडे सिमितेर, ते मूळ ग्रीक शब्दापासून, आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, हा शब्द एका मुलीसाठीही आलाय. मार्क अध्याय ५, याईराची बारा वर्षांची लेक. घरात आकांत चाललेला, आणि येशू म्हणतो, 'मूल मेले नाही, झोपेत आहे.' लोक त्याला हसतात. ते हसणं फार खरं आहे, मेलेलं मूल बघितलेली माणसं दुसरं काय करणार? तो गर्दीला बाहेर काढतो, फक्त आईबापांना आणि आपल्या तीन शिष्यांना आत घेतो, मुलीचा हात धरतो आणि म्हणतो, 'तलीथा कूम', मुली, ऊठ. मार्कने ग्रीकमध्ये लिहिताना हे आरामी शब्द होते तसे ठेवलेत. ती उठून चालायला लागते, सगळे थक्क, आणि त्याची पुढची सूचना काय? तिला खायला द्या.

कंदील
वाक्य कुणाच्या तोंडी आहे हा मुद्दा मान्य. पण मग याईराची मुलगी उठली आणि या घरातली उठली नाही, याचं काय?

केळबाग (वसई)
याचं उत्तर माझ्याकडे नाही. वर्गात कुणी विचारलं तरी मी हेच सांगतो. आम्ही शेवटच्या दिवशीच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, आणि तो दिवस आज नाही. 'निजली' या शब्दात दोन्ही बसतं, उठेल हेही आणि आत्ता उठत नाही हेही. 'नेली' मध्ये पहिलं बसत नाही.

आबोली
सगळ्यांचे आभार. बहिणीला हे वाचून दाखवलं. सुरंगीताईंचा मजकूर तिने स्वतः पुन्हा वाचायला मागितला. 'तिला खायला द्या' ला हसली. आमची बाय एका घासाला अर्धा तास लावायची, ताटलीत माशाचे काटे मोजत बसायची.

ठरलं ते असं. 'कै.' नाही, 'कु.' नाही, नुसतं तिचं नाव, घरी हाक मारायचे ते. दोन तारखा. खाली 'प्रभूमध्ये निजली' आणि त्याखाली 'मार्क ५:३९-४३'. सासऱ्यांना 'नेली' काढायला जड गेलं. त्यांचंही ते म्हणणं श्रद्धेनेच होतं, हे मला आता कळतंय. ते वाक्य ते घरात म्हणतील, दगडावर नको एवढं त्यांनी मानलं. भाच्याला त्याच्या आईनेच सरळ सांगितलं. त्याने विचारलं, पाऊस पडला की ती भिजेल का? तेवढं झाल्यावर खेळायला गेला.

दगड घडवणाऱ्याने कागद बघून विचारलं, ५:३९ ही वेळ काय? सकाळची की संध्याकाळची? त्याला सगळं समजावलं. आता एकच राहिलं. सासरे म्हणतात 'निजली' चा 'नि' दीर्घ, मी म्हणते ऱ्हस्व.

खाडीकाठ
'नीज' दीर्घ, 'निजली' ऱ्हस्व. कारागिराला तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, आणि छिन्नी लावण्याआधी खडूने आखलेलं एकदा स्वतः जाऊन बघा.