ग्रेटना ग्रीनच्या ऐरणीवर खरंच लग्न लागायचं का?

दफ्तरदार (धागालेखक)

इंग्लंडच्या जुन्या काळावरच्या प्रेमकथांमध्ये एक प्रसंग ठरलेला असतो. घरच्यांचा विरोध असलेलं जोडपं रातोरात घोडागाडीतून निघतं, स्कॉटलंडची हद्द ओलांडतं, ग्रेटना ग्रीन गावातला लोहार हातातला नाल बाजूला ठेवून ऐरणीवर घण मारतो आणि लग्न लागतं. हे चित्र इतकं पक्कं बसलंय की लोहाराला तिथे लग्न लावायचा अधिकार होता, असंच वाचक धरून चालतात. तो अजिबात नव्हता.

इंग्लंडमध्ये 1753 चा लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा 25 मार्च 1754 पासून लागू झाला. त्यानंतर लग्न चर्चमध्येच, एकतर तीन रविवार जाहीर पुकार करून किंवा परवाना काढून, दोन साक्षीदारांसमोर आणि नोंदवहीत सही करून लागायला हवं होतं. ज्यू आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) यांना यातून सूट होती. वय 21 च्या आत असेल तर परवान्यासाठी आईबापांची संमती लागे, आणि पुकार चालू असताना बाप भर चर्चमध्ये उभा राहून लग्न रोखू शकत असे. नियम मोडून लग्न लावणाऱ्या पाद्र्याला 14 वर्षं अमेरिकेत हद्दपारी होती. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास झटपट लग्नांचा जो बाजार चालायचा, तो याच कायद्याने बंद पडला.

स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तिथे 14 वर्षांचा मुलगा आणि 12 वर्षांची मुलगी यांनी ‘आत्ता, या क्षणी आम्ही नवरा-बायको’ असं एकमेकांना सांगितलं की लग्न झालं. पाद्री नको, चर्च नको, आईबापांची परवानगीही नको. साक्षीदार लागत ते पुढे पुरावा हवा म्हणून. मग त्या खोलीत लोहार असला काय, नसला काय, काय फरक पडतो?

शिवाय ग्रेटनात लग्न लावणाऱ्या ज्या माणसांना ‘लोहार-पुरोहित’ म्हणतात त्यांतले बहुतेक लोहार नव्हतेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस गाजलेल्या जोसेफ पेस्लीचा धंदा तंबाखूचा होता. सायमन लँग विणकर. शेवटचा नामांकित पुरोहित रिचर्ड रेनिसन खोगीर बनवणारा होता, आणि त्याच्या नावावर 5,147 लग्नं आहेत. ग्रेटनातली पैसेवाली जोडपी तर भट्टीपाशी न जाता ग्रेटना हॉलच्या खानावळीत लग्न करत. पूर्वेला सरहद्दीवरच्याच कोल्डस्ट्रीम गावच्या पुलावर जकात गोळा करणाराच लग्न लावून द्यायचा, तिथे ऐरणीचा पत्ता नव्हता आणि लग्नं तेवढीच पक्की होती.

कथालेखक ऐरणीला अधिकार देतात तेव्हा तो त्या दोघांकडून काढून घेतात, हा माझा खरा आक्षेप आहे. त्या कायद्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच होती की लग्न लावणारा तिसरा माणूस नाही, लग्न करणारे दोघेच ते लावतात. कादंबरीत नेमकं तेच पुसलं जातं.

भात्याचा_वारा

कायद्याचा भाग बिनचूक आहे. निष्कर्षाला मात्र ठाम विरोध.

साक्षीदार पुराव्यापुरते, असं तुम्हीच लिहिलंत. मग पुरावा कुठे आणि कसा तयार व्हायचा ते बघा. सरकारी नोंदवही नव्हती. पुरोहित स्वतःच्या वहीत नावं लिहायचा, त्यातल्या काही वह्या गहाळ झाल्या. हातात मिळायचा तो एक छापील दाखला: दोघांची नावं, कुठल्या पॅरिशचे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे), पुरोहिताची सही, दोन साक्षीदार. दहा वर्षांनी वारसाहक्काचा दावा उभा राहिला की सगळा भार त्या साक्षीदारांच्या आठवणीवर. अशा ठिकाणी लोकांच्या लक्षात राहील असा विधी असणं ही शोभेची बाब नाही. भट्टीचा धूर, चार बघे आणि ऐरणीचा आवाज एवढं असलं की साक्षीदाराला प्रसंग आठवतो. कायद्याला विधी नको होता, पण कायद्याने सोडलेली फट विधीच भरून काढत होता.

दुसरं, लोहाराचं दुकानच का? ग्रेटना ग्रीनची जुनी भट्टी वाटा एकत्र येतात तिथे आहे. इंग्लंडमधल्या कार्लाइलकडून साधारण 16 किलोमीटर घोडे दामटून आलेल्या गाडीला नालबंद हवाच असतो. तिथे दिवसभर माणसांची वर्दळ, दार सताड उघडं. साक्षीदार शोधत फिरायला नको.

आणि लोखंडाची अवजारं आणि लग्न हा संबंध कादंबरीकारांनी लावलेला नाही. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) काव्यात थॉर या देवाचा हातोडा राक्षस पळवतो, थॉर वधूचा वेश घेऊन जातो, आणि वधूला पावन करण्यासाठी हातोडा तिच्या मांडीवर ठेवा अशी आज्ञा होते. उत्तरेकडच्या लोकांत ही कल्पना किती खोल रुजलेली होती ते यातून दिसतं.

दफ्तरदार

थॉरचा दाखला इथे लागू होत नाही. ते काव्य आइसलंडच्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. तिथपासून 1754 नंतरच्या स्कॉटिश सरहद्दीपर्यंत मधला एकही दुवा दाखवता येत नसेल, तर साम्य हे साम्यच राहतं, परंपरा होत नाही. ग्रेटनाची प्रथा कायद्यातल्या फरकातून उगवली. फरक नव्हता तोवर तिथे कुणी पळून येत नव्हतं.

वाटा एकत्र येण्याचा मुद्दाही तपासा. 1830 मध्ये हद्दीवरच्या सार्क नदीवरून नवा रस्ता झाला आणि हद्द ओलांडल्यावरचं पहिलं घर जकातनाका ठरलं. लगेच लग्नांचा मोठा वाटा नाकेदाराकडे वळला. गाडी हाकणाऱ्यांचं पुरोहितांशी कमिशन ठरलेलं असे, ते ज्याच्याशी बांधलेले त्याच्या दारात जोडपं उतरायचं. ऐरणीची पवित्र ओढ असती तर लोक चार पावलं पुढे गेले असते.

नालबंद

दोघांच्या मध्ये थोडं कारागिरीचं. कथांमध्ये याची फार हेळसांड होते.

‘लोहार दोन धातू जोडतो तशी दोन मनं जोडतो’ हे स्पष्टीकरण जिकडेतिकडे वाचायला मिळतं. ज्या जोडाबद्दल हे बोलतात तो ऐरणीवर एक ठोका मारून होत नाही. घडीव लोखंडाची दोन टोकं आधी ठोकून जाड करायची, मग तिरकी उतरती करायची, म्हणजे एकावर एक बसतात. दोन्ही एकाच भट्टीत, एकाच वेळी, साधारण 1,300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची. रंग पिवळ्याच्या पुढे पांढुरका होतो आणि पृष्ठभाग ओला चकचकीत दिसतो. त्यावर बारीक वाळू टाकतात, पोलादाला टाकणखार. ती वितळून वरचा गंज-मळी पातळ करते. मग दोन्ही तुकडे उचलून ऐरणीवर आणायला दोन-तीन सेकंद मिळतात. पहिले ठोके हलके आणि मधून कडेकडे, म्हणजे वितळलेली मळी बाहेर पडते. कडेपासून सुरुवात केली तर मळी आत अडकते; जोड वरून छान दिसतो आणि पहिल्या ताणाला सुटतो. भट्टीत गंधकाचा कोळसा असेल तर जोड धरतच नाही. ठिणग्यांची फुलझडी उडाली म्हणजे लोखंड जळलं, तो तुकडा कापून टाकायचा. ऐरण थंड असेल तर खालचा तुकडा आधी निवतो, म्हणून जाणते लोहार ऐरण आधी शेकून घेतात.

लग्नाशी तुलना करायचीच असेल तर ती इथे आहे: दोघांनाही सारखी धग लागते आणि वेळ फार थोडा असतो. एका ठोक्याच्या गोष्टीत हे काहीच येत नाही.

त्या ठोक्याबद्दलही. रिकाम्या ऐरणीच्या पोलादी पाट्यावर पूर्ण ताकदीने घण घालणारा लोहार म्हणजे आपलंच अवजार फोडणारा माणूस. पाणी दिलेला (तापवून, झटकन निववून कडक केलेला) पाटा आणि तसाच घण एकमेकांवर आदळले की कडेचा टवका उडतो आणि डोळ्यात जाऊ शकतो. आवाज काढायचा तर छोट्या हातोडीने, हात सैल सोडून, पाट्यावर हलकी टिचकी पुरते. चांगली ऐरण तेवढ्यानेही खणखणीत वाजते. चिरलेली असेल तर बद्द आवाज येतो, आणि ऐरण विकत घेताना हीच परीक्षा करतात.

भात्याचा_वारा

@नालबंद, मोलाची माहिती. तुमच्या शेवटच्या मुद्द्यातूनच माझी बाजू पुढे नेतो.

इंग्लंडच्या खेड्यांत लग्नाच्या दिवशी ‘ऐरण उडवण्याची’ प्रथा होती. ऐरणीच्या चौकोनी भोकात काळी दारू भरायची, वर लाकडी खुंटी ठोकून बसवायची, वात ठेवायची बारीक खाच सोडायची आणि लांब तापलेल्या सळईने पेटवायची. तोफेसारखा बार होतो आणि पंचक्रोशीला कळतं की आज लग्न आहे. लोहारांचा संत क्लेमेंट, त्याच्या 23 नोव्हेंबरच्या सणालाही हेच होई. यात धोका खराच होता: दारू जास्त झाली किंवा खुंटी फार घट्ट बसली की ऐरणच कमरेतून तडकते. पण इथे लोहार पुरोहित नाही, दवंडी देणारा आहे. खेड्यातली त्याची मूळ भूमिका हीच, असं मी म्हणतो. ग्रेटनाने तिला पुरोहितपण चिकटवलं, भूमिका शून्यातून निर्माण केली नाही.

दफ्तरदार

दवंडी देणारा हे मला मान्य. माझा विरोध ‘लोहाराने लग्न लावलं’ या वाक्याला आहे, ‘लोहाराने लग्न गाजवलं’ याला नाही.

कोपऱ्यातली_खिडकी

कादंबऱ्यांवर एवढा राग का? सगळ्यात प्रसिद्ध दाखला तर दफ्तरदारांच्या बाजूने आहे. जेन ऑस्टिनच्या 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली लिडिया चिठ्ठीत ग्रेटना ग्रीनला जात असल्याचं लिहून जाते, आणि जोडपं तिथे पोचतच नाही. तिला पळवून नेणाऱ्या विकमला लग्न करायचंच नसतं, ते लंडनमध्ये राहतात. पुढे पैशांची व्यवस्था झाल्यावर लग्न सेंट क्लेमेंट चर्चमध्ये लागतं, कारण विकमचं बिऱ्हाड त्या पॅरिशमध्ये असतं. ऑस्टिनने हार्डविकच्या कायद्यातली राहण्याची अट इतकी अचूक पकडली आहे. त्या काळच्या वाचकाला ‘ग्रेटना’ या शब्दात पहिल्यांदा ऐरण दिसत नव्हती. मुलीची अब्रू वाचणार की नाही, हा प्रश्न दिसत होता: सरहद्द ओलांडली तर निदान लग्न झालं, लंडनला थांबले तर तेही नाही.

(सेंट क्लेमेंट लोहारांचा संत, हा योगायोग. त्यावर कुणी सिद्धांत रचू नये.)

सातवं_पाऊल

धागालेखकांना एक विचारायचं आहे. संमती हेच सगळं, याचं एवढं कौतुक करताना एलन टर्नर कुठे जाते?

मार्च 1826 मध्ये एडवर्ड गिबन वेकफिल्डने 15 वर्षांच्या एलनला लिव्हरपूलच्या शाळेतून खोट्या निरोपावर बाहेर काढलं, वडिलांचं दिवाळं निघतंय आणि या लग्नानेच ते वाचतील अशी समजूत घातली, आणि ग्रेटनाला नेऊन लग्न केलं. तिने ‘हो’ म्हटलं होतं. पुरोहिताने नाव, गाव, अविवाहित आहात का, स्वखुशीने आलात का एवढं विचारलं की संपलं. घरच्यांनी त्यांना फ्रान्समधल्या कॅले बंदरात गाठलं. वेकफिल्डला तीन वर्षांची कैद झाली आणि लग्न रद्द करायला 1827 मध्ये पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. तुमच्या ‘धाडसी’ कायद्यात ‘हो’ कसं मिळवलं हे विचारणारं कुणी नव्हतं. विधी, वेळ, गावाची उपस्थिती यांची किंमत इथे कळते.

आपल्याकडे उलट आहे. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 नुसार रूढ विधी व्हावे लागतात, आणि विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. म्हणून घरच्यांच्या विरोधात आळंदीला येऊन लग्न करणारी जोडपी होमाचे, सप्तपदीचे, मंगळसूत्राचे फोटो जपून ठेवतात. ऐरण नसली तरी चालणाऱ्या ग्रेटनापेक्षा हे वेगळं आहे, आणि आळंदीला ‘महाराष्ट्राचं ग्रेटना’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

दफ्तरदार

एलनचा मुद्दा वजनदार आहे, पण दोष चुकीच्या जागी लावलाय. ऐरण होती, साक्षीदार होते, पुरोहिताने प्रश्नही विचारले. यातल्या कशानेही तिला वाचवलं नाही. विधी फसवणूक पकडत नाही. तिला उपयोगी पडलं असतं ते वय आणि मधला वेळ. वेळेची अट पुढे आलीही: लॉर्ड ब्रूम यांच्या 1856 च्या कायद्याने दोघांपैकी एकाने स्कॉटलंडमध्ये आधी 21 दिवस राहिलेलं असणं बंधनकारक केलं. (ब्रूम यांनी स्वतः 1819 मध्ये कोल्डस्ट्रीमला गुपचूप लग्न केलं होतं.) वयाची अट मात्र 1929 पर्यंत थांबली, तेव्हा 16 झालं.

आणि पुरोहिताविना लग्न ही कल्पना आपल्याला परकी नाही. सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं. लग्नाचा हक्क पुरोहिताचा की वधूवरांचा, हा प्रश्न जोतिरावांनी सरळ उभा केला. तिथे वधूवर एकमेकांना शपथ देतात. ग्रेटनामधली माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती लोहाराच्या नावे खपवलेली बघवत नाही.

सातवं_पाऊल

सत्यशोधक लग्न उघड, नातेवाईक आणि गाव यांच्यासमोर होतं. चोरून नव्हे. हा फरक माझ्या बाजूचा आहे. तिथे मंगलाष्टकं आहेत, ठरलेला विधी आहे, फक्त मधला मालक नाही.

भात्याचा_वारा

याला दुजोरा. विधी ठेवा, मक्तेदारी काढा.

नालबंद

कुणी या काळावर कथा लिहीत असेल तर एवढं सांभाळा. प्रसंग 1754 ते 1856 मधला असेल तर सकाळी पोचून दुपारी लग्न चालेल. 1857 नंतरचा असेल तर जोडप्यापैकी एकाला आधी तीन आठवडे तिथे बिऱ्हाड करू द्या. पाठलाग करणारा बाप त्या तीन आठवड्यांत नक्की पोचतो, तेव्हा कथानकाला नवं वळण द्यावं लागेल. 1 जुलै 1940 नंतर साक्षीदारांसमोर नुसतं बोलून लग्न होत नाही, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धावरच्या गोष्टीत पळून आलेल्या सैनिकाला ऐरणीपाशी उभं करण्याआधी तारीख तपासा. आणि लोहार दाखवायचाच असेल तर त्याच्या हातात घण नको, छोटी हातोडी द्या.