विषय: दुसऱ्याच वर्षी बारीक पडलेली शतावरी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,
गेल्या एप्रिलमध्ये आम्ही इथे जर्मनीत आमच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे भाड्याच्या बागेच्या तुकड्यात, हिरव्या श्पारगेलचे (कोंब खातात त्या शतावरीचे) बारा गड्डे लावले. यंदा मे महिन्यात करंगळीएवढे कोंब वर आले, तेव्हा मोह आवरला नाही आणि महिनाभर कापत राहिलो. आता मात्र काडीसारखे कोंब येत आहेत. खत कमी पडले असावे काय? शिवाय कापलेले कोंब दोन दिवसांत निबर होतात, त्यावरही कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी होईन.

---

नमस्कार ताई,
खत कमी पडलेले नाही, कापणी जास्त झाली आहे. कोंबाला लागणारे अन्न आदल्या उन्हाळ्यात पाल्याने तयार करून मुळांत साठवलेले असते, आणि आपण कोंब कापतो तेव्हा त्याच साठ्यातून उचल करतो. दुसऱ्या वर्षी तो फारच तुटपुंजा असतो. आपल्याकडची औषधी शतावरी हिचीच भाऊबंद, पण तिची मुळे काढतात. इथे मुळे सांभाळायची आणि कोंब खायचे.

तेव्हा आजपासून सुरी लावू नये. कोंब वाढू द्यावेत. त्यांचा शेपूसारखा झुपका छातीपर्यंत येईल, तो शरदात पूर्ण पिवळा पडल्यावरच छाटावा. पुढच्या वर्षी दोन-तीन आठवडेच कापावे आणि चौथ्या वर्षापासून २४ जूनपर्यंत. इथले शेतकरीही संत योहानच्या त्या दिवशी हात आवरतात, म्हणून वाफा पंधरा वर्षेही टिकतो.

निबरपणाचे म्हणाल, तर कापलेला कोंबही जिवंतच असतो. तो स्वतःची साखर खर्चतो आणि बुडाकडून चिवट होत जातो, उन्हात तर फारच लवकर. म्हणून सकाळी कापून लगेच घरी न्यावे, बुडाची चकती काढून पेल्यात दोन बोटे पाण्यात कोथिंबिरीच्या जुडीसारखे उभे करावे आणि वर पिशवी सैल घालून फ्रिजमध्ये ठेवावे. पांढरी शतावरी मात्र न धुता ओल्या फडक्यात गुंडाळावी. जास्तच असली, तर हिरवे कोंब दोन मिनिटे उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात घालून, पुसून गोठवावेत.

---

काका, मनापासून आभार. आम्ही कोंब दुपारभर सायकलच्या टोपलीत ठेवत होतो, तिथेच चुकले. आज सकाळी एका कोंबावर काळसर अंड्यांची उभी रांग दिसली. शतावरीच्या भुंगेऱ्याची असावीत, म्हणून बोटांनी चिरडून टाकली. झुपके वाऱ्याने लोळू नयेत, यासाठी दोन काठ्या रोवून सुतळीही बांधली आहे.